लाकडावरची नाममुद्रा

१

काही वर्षांपूर्वी आमच्या हातून एक अपराध घडला. तो फार मोठा नव्हता आणि त्यात कोणाचे नुकसान झाले असेही म्हणता येणार नाही. पण एम. ए. च्या वर्गाला पाठचिकित्सा शिकविणाऱ्या माणसांकडून तो घडला, म्हणून अजून डाचतो.

आमच्या एका सहकाऱ्याच्या आजोळी माळ्यावर एक काळी पेटी सापडली. तीत क्लॅरिनेट होते. आपल्याकडे बँडवाले ज्याला क्लॅरिओनेट म्हणतात, तेच हे वाद्य. आजोबा गावच्या बँडात ते वाजवीत, एवढे घरात ठाऊक होते. वाद्य कुठून आले, कधी आले, त्यांनी ते नवे घेतले की जुने, हे सांगणारे कोणी उरले नव्हते. पाच तुकडे, काळे लाकूड, चाव्यांवर हिरवट गंज आणि सगळ्यावर तेल-धुळीचा चिकट थर. वरच्या तुकड्यावर लाकडात उमटविलेला शिक्का होता आणि त्याच्या खाली पाच आकडी अनुक्रमांक. पॅरिस हा शब्द लागत होता, बाकीची अक्षरे पुसट होती.

स्टाफरूममध्ये आम्ही ते वाद्य हाती घेतले आणि दिसेल ते सगळे केले. ओल्या फडक्याने पुसले. लाकूड कोरडे दिसते म्हणून खोबरेल तेल लावले. अक्षरे उठून दिसावीत म्हणून त्यांत खडूची पूड चोळली. अनुक्रमांकाचा दुसरा अंक तरीही लागेना, तेव्हा कंपासच्या टोकाने त्यातला मळ हलकेच उकरला. अंक लख्ख दिसू लागला. तो आठ होता. टेबलाभोवतीच्या सर्वांना समाधान वाटले.

चार दिवसांनी सहकाऱ्याच्या मुलीने पेटी उघडली त्या दिवशी काढलेले छायाचित्र दाखविले. त्यात तोच अंक बराचसा तीनासारखा दिसत होता. इंग्रजी वळणाचे तीन आणि आठ हे किती जवळचे अंक आहेत, हे आम्हांला तेव्हा जाणवले. तीनाची डावी बाजू मिटविणाऱ्या दोन लहान वळणांचा काय तो फरक. ती वळणे मूळची होती आणि मळाने बुजली होती, की आमच्या कंपासने ती नव्याने काढली, हे सांगण्याची आता सोय नव्हती. अनुक्रमांकाच्या दुसऱ्या स्थानावर पाचाचा फरक म्हणजे पाच हजार वाद्यांचा फरक, आणि एखाद्या कारखान्याच्या हिशेबात पाच हजार वाद्ये म्हणजे काही वर्षे. आम्ही तो अंक वाचला नव्हता, लिहिला होता. पोथ्यांच्या परिभाषेत याला प्रक्षेप म्हणतात.

या अपराधामुळेच आम्ही जुन्या सुषिर वाद्यांवरील कोरीव अक्षरांच्या इतिहासाकडे वळलो. तो इतिहास युरोपातला आहे, पण त्यातले प्रश्न मराठीच्या विद्यार्थ्याला अनोळखी वाटणार नाहीत.

२

लाकडी सुषिर वाद्ये बनविणारा युरोपीय कारागीर आपले नाव वाद्यावर सही करून लिहीत नसे. तो ते ठशाने उमटवी. लोखंडी वा पोलादी ठसा, कधी तापवून, कधी थंडच, लाकडावर दाबायचा वा ठोकायचा, ही सर्वसाधारण रीत. बॉक्सवूड या पिवळसर, घट्ट कणांच्या लाकडावर असा ठसा सुरेख उठे. पुढे एकोणिसाव्या शतकात कोकसवूड आणि आफ्रिकेतले काळे लाकूड प्रचारात आले. हे काळे लाकूड आपल्या शिसवीच्याच प्रजातीतले आहे. काळ्यावर काळा ठसा दिसत नाही, म्हणून त्यात सोनेरी भरणा करण्याची पद्धत रूढ झाली. चांदीच्या कड्यांवर, चाव्यांवर आणि पुढे धातूच्या बासऱ्यांवर मात्र कोरणीने अक्षरे कोरली जात. म्हणजे 'कोरीव अक्षरे' या एका नावाखाली तीन निरनिराळ्या गोष्टी येतात: दाबलेली, भरलेली आणि खरोखरच कोरलेली. तिघींची झीज वेगळी आणि म्हणून तिघींची निगाही वेगळी.

हा ठसा वाद्याच्या एकाच ठिकाणी नसे. चांगला कारागीर प्रत्येक तुकड्यावर आपले नाव उमटवी. बासरी तीन-चार तुकड्यांची, क्लॅरिनेट पाच-सहा तुकड्यांचे. एखादा तुकडा तडकला, हरवला, तर दुसऱ्या वाद्याचा तुकडा आणून जोडला जाई. अशा वेळी प्रत्येक तुकड्यावरचा ठसा हाच पुरावा. एका पोथीत दुसऱ्या पोथीची पाने मिसळली असता आपण हस्ताक्षर आणि पृष्ठांक पाहून ती वेगळी काढतो, तसेच हे आहे. वाद्याच्या पोटात काही लिहिलेले नसते. कागदपत्रे पेटीबरोबर क्वचितच टिकतात. ज्याने ते घडविले त्याचे जे काही शब्द आपल्यापर्यंत पोहोचतात, ते हेच: एक नाव, एक गाव, एखादे चिन्ह, एखादा आकडा.

मराठी अभंगाच्या शेवटी येणाऱ्या कवीच्या नावाला आपण नाममुद्रा म्हणतो. 'मुद्रा' या शब्दाचा मूळ अर्थ शिक्का, ठसा. या वाद्यांवरचे नाव अक्षरशः नाममुद्राच आहे, आणि नाममुद्रेचे सगळे घोळही त्याच्यासोबत आले आहेत.

३

पहिले उदाहरण न्यूरेंबर्गचे. योहान क्रिस्टोफ डेन्नर (१६५५–१७०७) हा तिथला नामांकित वाद्यकार. १६९६ मध्ये त्याने आणि योहान शेल याने नगरसभेकडे अर्ज केला, की फ्रान्समध्ये सुमारे बारा वर्षांपूर्वी निघालेली नव्या धर्तीची वाद्ये, म्हणजे ओबो आणि रेकॉर्डर, घडविण्याची परवानगी आम्हांला मिळावी. ती मिळाली. पुढे १७३० मध्ये योहान गाब्रिएल डोप्पेलमायर यांनी न्यूरेंबर्गच्या गणिती व कलावंतांचा जो चरित्रग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात क्लॅरिनेटच्या शोधाचे श्रेय याच डेन्नरला दिले. वाद्यांच्या इतिहासात हे विधान आजतागायत उद्धृत होत आले आहे.

डेन्नरच्या ठशात एका फितीसारख्या पट्टीत नाव येते: आय. सी. डेन्नर. त्या काळच्या रोमन लिपीत 'जे' आणि 'आय' वेगळे लिहीत नसत. त्याचा मुलगा जेकब (१६८१–१७३५) हाही थोर कारागीर. त्याचा ठसा: आय. डेन्नर, आणि सोबत एक सूचिपर्णी झाड. आता हे दोन ठसे शेजारी ठेवून पाहावेत. बाप आणि मुलगा यांच्या नावांत फरक आहे तो एका 'सी' या अक्षराचा. ते अक्षर हाताच्या घामाने झिजले, मळाने बुजले, की कर्तृत्व एका पिढीने पुढे सरकते. क्लॅरिनेट नेमके कोणत्या दशकात, कोणाच्या हातून आकाराला आले, हा प्रश्न अशा वेळी एका अर्धवर्तुळाकार रेघेवर येऊन ठेपतो. झाड उरले असेल तर ते साक्ष देते. झाडही पुसले गेले असेल, आणि एखाद्या उत्साही माणसाने आपल्याला 'सी' दिसतो असे समजून तो ठसठशीत करून ठेवला असेल, तर पुढच्या सर्व अभ्यासकांची वाट चुकली.

याहून नाजूक बाब अशी, की कारखान्याचा ठसा संस्थापकाच्या मृत्यूबरोबर सरणावर जात नाही. तो घरातच राहतो आणि त्याची पत असते, म्हणून वापरलाही जातो. तेव्हा बापाचे नाव स्पष्ट वाचता आले तरी प्रत्येक वाद्य बापानेच घडविले असे धरता येत नाही. नामदेवांच्या गाथेत विष्णुदासनाम्याची पदे मिसळली आहेत, हे आपण वर्गात शिकवितो. 'नामा म्हणे' एवढ्यावर आपण निर्णय देत नाही. भाषा पाहतो, संदर्भ पाहतो, पोथीची परंपरा पाहतो. वाद्यांचे अभ्यासकही तेच करतात. ठशाची मापे घेतात, एकाच ठशातील विशिष्ट दोष, जसे एखाद्या अक्षराची तुटलेली टोकरी, किती वाद्यांवर सारखा उमटला आहे ते पाहतात. ठसा जुना होत जातो तसतसे त्याचे दोष वाढतात, आणि त्यावरून वाद्यांचा क्रम लावता येतो. पण हे सारे केव्हा शक्य होते? अक्षरांच्या कडा मूळच्या असतील तेव्हाच. कोणी ती अक्षरे सुईने साफ करून 'सुंदर' केली असतील, तर ती तुटलेली टोकरीही गेली.

४

दुसरे उदाहरण लंडनचे, आणि ते अधिक सुखाचे आहे. अठराव्या शतकाच्या आरंभी लंडनमधील उत्तमोत्तम रेकॉर्डरांवर एक ठसा आढळतो: वर पी आणि आय ही दोन अक्षरे, खाली ब्रेसां हे नाव आणि एक गुलाबाचे फूल. चेस्टर येथील ग्रोव्हनर संग्रहालयात या कारागिराच्या चार रेकॉर्डरांचा संच आहे. ब्रेसां हे नाव फ्रेंच वळणाचे, कारागीर मात्र लंडनचा. मॉरिस बर्न यांनी १९८३ मध्ये गॅल्पिन सोसायटीच्या नियतकालिकात जुन्या दस्तऐवजांच्या आधारे मांडले, की हा मनुष्य मूळचा पिएर जायार. फ्रान्समधील ब्रेस प्रांतात, बूर-आं-ब्रेस येथे त्याचा जन्म झाला, म्हणून तो ब्रेसां, म्हणजे ब्रेसकर. आपल्याकडे फलटणचा तो फलटणकर, तसेच. वरची दोन अक्षरे म्हणजे पिएर जायारची आद्याक्षरे.

परक्या शहरात गावाच्या नावाने ओळखला जाणारा हा माणूस आपले खरे आडनाव एका अक्षरात लाकडावर ठेवून गेला होता. आम्हांला या हकिकतीत महत्त्वाचे वाटते ते एवढेच, की मधल्या अडीचशे वर्षांत ती अक्षरे कोणी 'दुरुस्त' केली नाहीत. ब्रेसां या नावाशी 'आय' जुळत नाही म्हणून कोणी ते बुजविले नाही, की त्याचे सोयीस्कर असे दुसरे काही केले नाही. न समजलेला पाठ तसाच राहू दिला, म्हणून दस्तऐवज उजेडात आले तेव्हा दोहोंचा मेळ बसला. कठीण पाठ हाच बहुधा मूळचा, हे पाठचिकित्सेचे जुने सूत्र लाकडालाही लागू पडते.

लंडनच्या पुढच्या कारागिरांनी तर ठशात पत्ताच दिला. रिचर्ड पॉटरच्या बासऱ्यांवर फ्लीट स्ट्रीटजवळील जॉन्सन्स कोर्ट येते, आणि १७८५ मध्ये त्याने पेटंट घेतल्यानंतर 'पेटंट' हा शब्दही येतो. रडॉल आणि रोझ यांची भागीदारी १८२१ मध्ये सुरू झाली. त्यांच्या बासऱ्यांवर १८३० च्या सुमाराला १५, पिआझा, कॉव्हेंट गार्डन हा पत्ता दिसतो, १८४० च्या सुमाराला १, टॅव्हिस्टॉक स्ट्रीट, आणि १८५० च्या सुमाराला ३८, साउदॅम्प्टन स्ट्रीट. दुकान हलले की ठसा बदलला. कारागिराला गिऱ्हाईक दारी यायला हवे होते, इतिहासकाराला मात्र त्यातून कालगणना मिळाली. लिंडसे लँगविल यांनी १९६० मध्ये सुषिर वाद्यकारांची सूची प्रसिद्ध केली आणि विल्यम वॉटरहाउस यांनी १९९३ मध्ये तिला नवे, विस्तृत रूप दिले. ती सूची म्हणजे मुख्यतः अशा ठशांचा, पत्त्यांचा आणि चिन्हांचा कोश आहे. तो कोश उघडून आपल्या हातातील वाद्याचे वय काढायचे, तर ठशातला घरक्रमांक वाचता आला पाहिजे.

नावापत्त्यांखेरीज काही अक्षरे आणि आकडे वादकासाठी असत. अठराव्या शतकात गावोगावचा स्वर वेगवेगळा होता, म्हणून एका बासरीला लांबीने कमी-अधिक असे अनेक मधले तुकडे देत आणि त्यांवर क्रमांक घालत. पॉटरच्या बासरीत वरच्या सरकत्या धातूच्या नळीवर रेघा आणि आकडे असत. मधला तुकडा ज्या क्रमांकाचा, त्या क्रमांकापर्यंत नळी सरकवायची. हे आकडे म्हणजे वाद्य कसे वाजवावे याची सूचना होती. चांदी उजळविण्याच्या हौसेत ते घासून गेले, की सूचना गेली.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आणि पुढेही क्लॅरिनेटांवर 'एच. पी.' किंवा 'एल. पी.' अशी अक्षरे आढळतात. हाय पिच आणि लो पिच. फ्रान्सने १८५९ मध्ये कायद्याने ए हा स्वर ४३५ आवर्तनांवर बांधला. इंग्लंडमध्ये मात्र तो ४५२ च्या आसपास चढला होता. लंडनच्या फिलहार्मोनिक सोसायटीने १८९६ मध्ये तो ४३९ पर्यंत उतरविला, तरी ब्रिटिश लष्करी बँड १९२० च्या दशकाच्या अखेरीपर्यंत जुन्या उंच स्वरावरच राहिले. १९३९ मध्ये लंडनच्या परिषदेत ४४० वर एकमत झाले. ४५२ आणि ४४० यांतील अंतर जवळजवळ पाव स्वराचे आहे. तंतुवाद्याची खुंटी पिळता येते, लाकडी नळीची लांबी आणि तिची छिद्रे बदलता येत नाहीत. त्यामुळे या दोन अक्षरांना व्यवहारात मोठी किंमत होती. जुन्या बाजारात हाय पिचचे वाद्य स्वस्तात मिळते आणि घेणारा पस्तावतो. विकणाऱ्याला ती अक्षरे मळाखाली राहिलेलीच बरी वाटतात, हेही ओघाने आलेच.

५

अक्षरे पुसट होतात ती मुख्यतः हातांमुळे. वाद्य रोज हाती येते. घाम, तेल आणि त्यावर बसलेली धूळ यांचा थर खोलगट जागी साचतो आणि उंच कडा झिजतात. म्हणजे अक्षर दोन्ही बाजूंनी मरते. लाकूड आडव्या दिशेने आकसते, उभ्या दिशेने जवळजवळ नाही, म्हणून जुन्या वाद्याची गोल नळी किंचित लंबगोल होते आणि ठशातला गोलही त्याबरोबर बदलतो. बॉक्सवूडला तपकिरी रंग यावा म्हणून पूर्वी ते नत्राम्लाने रंगवीत. त्या आम्लाने काही वाद्यांचा पृष्ठभागच कमजोर करून ठेवला आहे.

पण निगा राखणाऱ्यांनी केलेले नुकसानही कमी नाही. संग्रहालयांतूनसुद्धा एके काळी लाकडी वाद्यांना जवसाचे तेल पाजण्याची चाल होती. हे तेल हवेने घट्ट होते, काळवंडते आणि अक्षरांत गोंदासारखे बसते. धातू उजळविण्याच्या प्रत्येक घासणीत धातूचा अंश जातो, आणि कोरणीची उथळ रेघ प्रथम जाते. खडूची वा इतर कसली पांढरी पूड अक्षरांत भरून छायाचित्र काढण्याची पद्धत शिलालेखांच्या अभ्यासातून आली. ती पूड लाकडाच्या रंध्रांत शिरली की निघत नाही. मूळ सोन्याच्या भरण्याचे कण त्या अक्षरात उरले असतील तर तेही तिच्याखाली गाडले जातात. आमच्या क्लॅरिनेटात आजही काही अक्षरांच्या तळाशी कॉलेजचा खडू आहे.

मग स्वच्छता करायची कशी? जाणकारांची रीत ऐकली की तिचा साधेपणा पाहून प्रथम हसू येते. आधी काहीच करायचे नाही, फक्त पाहायचे. अंधाऱ्या खोलीत एका बाजूने तिरपा प्रकाश टाकायचा आणि दिवा हळूहळू फिरवायचा. खोलगट रेघांत सावल्या पडतात आणि स्पर्शही न करता पुष्कळ अक्षरे लागतात. २००१ मध्ये टॉम माल्झबेंडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेक दिशांच्या प्रकाशात घेतलेली छायाचित्रे संगणकावर एकत्र करण्याची पद्धत मांडली. झिजलेले लेख वाचण्यासाठी ती आता सर्वत्र वापरली जाते. तत्त्व तेच, दिवा फिरविण्याचे. त्यानंतर मऊ कोरडा कुंचला. त्यानेही भागले नाही तर कापसाच्या बोळ्याला जेमतेम ओल देऊन, अक्षराच्या दिशेने, एकदाच. मळ बोळ्यावर आला की बोळा टाकायचा. धातूचे टोक कधीही नाही.

ती ओल बऱ्याचदा थुंकीची असते, हे वाचून आम्ही चकित झालो. पाउला रोमाओ, आदीलिया आलारकाओ आणि सेझार व्हियाना या पोर्तुगीज संशोधकांनी १९९० मध्ये मानवी लाळेच्या स्वच्छताशक्तीचा अभ्यास प्रसिद्ध केला. लाळेतील अमायलेज हे विकर मळ सोडवते आणि नाजूक पृष्ठभागांना फारसा धक्का लावत नाही, असे त्यांना आढळले. २०१८ मध्ये या अभ्यासाला इग नोबेल हे गमतीचे पारितोषिकही मिळाले. पाटी थुंकीने पुसली म्हणून छडी खाल्लेल्या आमच्या पिढीला हा न्याय उशिरा का होईना मिळाला.

६

स्वच्छता एक, आणि पुनर्स्थापना दुसरी. खरा वाद दुसरीवर आहे. पुसट ठशात नवा सोनेरी मेणखडू चोळायचा आणि वरचे पुसून घ्यायचे, हे काम पाच मिनिटांचे आहे. वाद्य एकदम उमदे दिसू लागते. मेण पुढे काढता येते, तेव्हा त्यात मोठे पाप नाही, असे म्हणता येईल. पण जिथे अक्षर तुटले आहे तिथे ते जोडून घेण्याचा मोह इथूनच सुरू होतो. भरणारा हात रेघ पुरी करतो.

वास्तूंच्या बाबतीत हा वाद जुना आहे. फ्रान्समध्ये व्हियोले-ल-द्यूक यांनी जुनी इमारत तिच्या परिपूर्ण रूपाला न्यावी असे म्हटले, मग तसे रूप तिला पूर्वी कधी लाभले नसले तरी चालेल. इंग्लंडमध्ये जॉन रस्किन यांनी १८४९ मध्येच अशा पुनर्स्थापनेला असत्य ठरविले होते. १९०३ मध्ये आलोइस रिग्ल यांनी जुनेपणाच्या खुणांना स्वतःचे मूल्य असते, हा विचार मांडला. १९६४ च्या व्हेनिस सनदेने मर्यादा आखली: अनुमान जिथे सुरू होते तिथे पुनर्स्थापनेने थांबावे. हे सारे दगडाविषयी असले तरी तीनाच्या आठापुढे ते आम्हांला नव्याने कळले.

अनुमानाच्या पलीकडे लबाडी असते. फ्लॉरेन्सचा व्यापारी लिओपोल्डो फ्रांचोलिनी जुन्या वाद्यांचे सुटे भाग जोडून नवी 'जुनी' वाद्ये तयार करी, त्यांवर मोठमोठी नावे आणि सोयीच्या तारखा घाली आणि जगभरच्या संग्राहकांना विकी. १९१० मध्ये त्याला फसवणुकीबद्दल शिक्षा झाली. त्याच्या हातून गेलेल्या वस्तू मिशिगन विद्यापीठाच्या स्टर्न्स संग्रहासारख्या नामवंत ठिकाणीही पोहोचल्या होत्या. अशा वेळी अभ्यासकाला ठसा फार चांगला दिसतो याचीच शंका घ्यावी लागते. आणि इथे प्रामाणिक हौशी माणूस नकळत लबाडाला मदत करतो. सद्भावनेने उजळविलेला खरा ठसा आणि पैशासाठी घातलेला खोटा ठसा हे दोन्ही सारखेच ताजे दिसतात. खऱ्याजवळची झीज ही त्याची साक्ष होती. ती आपणच पुसून टाकतो.

मराठीत हा पेच आपण एका थोर उदाहरणात पाहिला आहे. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. त्यात भर घालणाऱ्यांना त्यांनी दिलेला इशारा मराठीच्या विद्यार्थ्यांना पाठ असतो. ज्ञानेश्वरी आपल्यापर्यंत सुस्थितीत आली याचे मोठे श्रेय त्यांचे. तरीही राजवाड्यांनी १९०९ मध्ये एक जुनी प्रत छापली, तेव्हा शुद्धीकरणाखाली कोणती जुनी रूपे असू शकतील याची चर्चा नव्याने पेटली. संताच्या हातून, परम आदराने झालेल्या संस्कारालाही हा प्रश्न चुकत नाही, तिथे कंपासची काय कथा!

याउलट भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराची महाभारताची चिकित्सक आवृत्ती पाहावी. १९१९ मध्ये हाती घेतलेले ते काम १९६६ मध्ये पूर्ण झाले. विष्णु सीताराम सुखटणकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यात एक साधी सोय ठेवली: जो पाठ निश्चित नाही त्याच्याखाली नागमोडी रेघ. पाठ छापला आहे, पण संपादकाची खात्री नाही, हे वाचकाला प्रत्येक ठिकाणी दिसते. वाद्यांच्या पुनर्स्थापनेत आज ज्याला सचोटी म्हणतात, ती हीच. केलेले काम ओळखू यावे, मागे घेता यावे आणि त्याची नोंद राहावी.

७

आमच्या वाद्याचे पुढे काय झाले ते सांगून थांबतो. आम्ही ते शहरातील एका जुन्या वाद्यदुरुस्ती करणाऱ्याकडे नेले. त्यांनी ते हातात फिरवून पाहिले, शिक्क्यावर अंगठा फिरवला आणि विचारले, "सर, हे वाजवायचं आहे की ठेवायचं?" वाजवायचे असेल तर पॅड, स्प्रिंगा बदलतो, शिक्क्यात सोनेरी भरून देतो, नव्यासारखे दिसेल. ठेवायचे असेल तर माझ्याकडे काही काम नाही.

वाद्यसंवर्धनावर महत्त्वाचे लेखन करणारे रॉबर्ट बार्कले यांच्या पुस्तकांत हाच प्रश्न केंद्रस्थानी आहे: वापरात असलेले साधन म्हणून वाद्य राखायचे, की पुरावा म्हणून? दोन्ही हेतू योग्य आहेत. दोन्ही एकाच वेळी, एकाच वाद्यावर पूर्णपणे साधत नाहीत. गावच्या बँडातील वादकाने आपल्या क्लॅरिनेटचा शिक्का दर दिवाळीला उजळविला असता, तर त्याला दोष देण्याचा आम्हांला अधिकार नाही. त्याच्यासाठी ते पोटाचे साधन होते. आमच्यासाठी तो एका माणसाचा शेवटचा कागद होता, आणि कागदाशी कसे वागावे हे आम्हांला ठाऊक असायला हवे होते.

आम्ही ठेवायचे ठरविले. पेटीत आता वाद्याबरोबर एक चिठ्ठी आहे. तीत छायाचित्राची प्रत, कोणत्या दिवशी काय लावले याची यादी, तेल आणि खडू यांचा उल्लेख, आणि शेवटी एक ओळ: अनुक्रमांकाचा दुसरा अंक छायाचित्रात तीन किंवा आठ असा दिसतो, वाद्यावर सध्या दिसणारा आठ आमच्या हातचा असण्याची शक्यता आहे. सहकाऱ्याने ती ओळ लिहिताना आठाखाली पेनाने एक नागमोडी रेघ ओढली.